डब्लिनचें सेंट पॅट्रिक मंदिर व त्याचा गायकवृंद

आमच्या बहुतेक वाचकांनीं बालपणीं गलिव्हरच्या सफरी वाचल्या असतील. परंतु त्या लिहिणारा जोनाथन स्विफ्ट १७१३ पासून १७४५ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, डब्लिन येथील सेंट पॅट्रिक मंदिराचा डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी होता, हें थोड्यांसच ठाऊक असतें. या मंदिराचा इतिहास जसा दगडांचा आहे तसाच स्वरांचाही आहे. आणि त्यांतील दुसराच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो.

११९१ सालीं आर्चबिशप जॉन कमिन यानें नगराच्या तटाबाहेर याची स्थापना केली. आयर्लंडांत नॉर्मन सत्तेचा प्रवेश होऊन तेव्हां पुरीं पंचवीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं. आजची वास्तु मुख्यत्वें तेराव्या शतकांतील. १३६२ च्या आगीनें तिची हानि केली, व त्यानंतर आर्चबिशप मिनो यानें भक्कम मनोरा उभारिला. १४३२ सालीं गाणाऱ्या मुलांसाठीं येथें शाळा निघाली. आमच्या मतें ही घटना मनोऱ्याहून मोठी होय. मनोरा एकदां बांधला कीं शतकें उभा राहतो. मुलाचा कोवळा स्वर मात्र कंठ फुटेपर्यंत, म्हणजे कांहीं वर्षेंच टिकतो. असा वृंद ज्यांस राखावयाचा आहे त्यांस प्रत्येक पिढीला आरंभापासून शिकवावेंच लागतें.

पुढें संकटें आलींच. धर्मक्रांतीच्या ओघांत १५४७ मध्यें मंदिराचा कॅथीड्रलचा दर्जा गेला. तो १५५५ मध्यें परत मिळाला. १७४२ च्या आरंभीं वृद्ध स्विफ्टनें आपल्या गायकांस फिशँबल स्ट्रीटवरील संगीतमंडळीस साह्य करण्याची मनाई केली होती. तथापि त्याच वर्षीं १३ एप्रिल रोजीं त्याच रस्त्यावरील सभागृहांत हँडेलचा ‘मेसाया’ प्रथम गायिला गेला, तेव्हां येथील व जवळच्या क्राइस्ट चर्चच्या वृंदांतील गायकांनींच समूहगान केलें. त्याचें उत्पन्न कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या कैद्यांच्या व दोन रुग्णालयांच्या साह्यार्थ देण्यांत आलें.

येथें एक कटु सत्य सांगणें अवश्य आहे. हें राजमान्य चर्च अल्पसंख्यांचें होतें. बहुसंख्य आयरिश जनता रोमन कॅथॉलिक असून तिलाही त्याच्या पोषणार्थ दशमांश कर भरावा लागे. ज्या गाण्याचें आम्ही कौतुक करितों त्यामागें हा अन्याय होता, हें विसरणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. १८६९ च्या कायद्यानें हा राजाश्रय काढून घेतला व १८७१ पासून तो कायदा अमलांत आला.

राजाश्रयाबरोबर गाणेंही थांबेल, असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं; पण तें थांबलें नाहीं. सत्ता गेली, कर गेला, शाळा मात्र राहिली. कोणतीही विद्या केवळ वैभवानें टिकत नाहीं. ती कोणीतरी रोज कोणालातरी शिकवीत असतो म्हणून टिकते. आमच्या घराघरांतील विद्यांनाही हाच नियम लागू आहे, हें वाचकांस आम्हीं निराळें सांगावयास नको.