घोड्याचं गणित

मानसशास्त्राचा आणि माझा अधिकृत संबंध काही नाही. मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. पण माणसाचं मन न्याहाळायला काउंटरच्या आतल्या बाजूसारखी जागा नाही, असं माझं मत आहे. त्यामुळे मानसशास्त्रातल्या प्रयोगांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा त्यातले दाढीवाले विद्वान मला परके वाटले आणि एक घोडा मात्र अगदी घरचा वाटला.

या घोड्याचं नाव हान्स. मुक्काम बर्लिन. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. गणिताचा मास्तर निवृत्त झाला म्हणून त्याचा शिकवायचा हात थोडाच थांबतो? पोरं मिळेनात, तेव्हा त्यांनी घोडा धरला. फळा, आकडे, आणि छडीऐवजी गाजर. (ही सुधारणा आमच्या शाळेपर्यंत पोचली नाही.) हान्स बेरजा करू लागला, अपूर्णांक सोडवू लागला, आज किती तारीख हेही सांगू लागला. उत्तर बारा असेल तर बारा वेळा खूर आपटायचा. १९०४ साली त्याचं नाव न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रापर्यंत गेलं. अंगणात गर्दी लोटायची. आणि हे महत्त्वाचं, मास्तरांनी एका पैशाचंही तिकीट लावलं नाही.

मग अर्थातच समिती नेमली गेली. कार्ल श्टुम्फ हे नामांकित मानसशास्त्रज्ञ अध्यक्ष, आणि एकूण तेरा जण. त्यांत सर्कसवाला, प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख, घोडदळातला अधिकारी, शिक्षक, असे सगळे. सर्कसवाल्याला घेतलं हे मला फार आवडलं. लबाडी ओळखायची तर त्या धंद्यातलाच माणूस हवा. सप्टेंबर १९०४मध्ये समितीनं सांगितलं, इथे लबाडी नाही. आणि खरोखरच नव्हती. मास्तर जागेवर नसतानाही घोडा परक्या माणसाला बरोबर उत्तर द्यायचा. इशारा करणार कोण?

इथे बहुतेक समित्या चहा पिऊन उठतात. पण श्टुम्फसाहेबांनी ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या आपल्या विद्यार्थ्याला मागे ठेवलं. या गड्यानं घोड्याची परीक्षा घ्यायचं सोडून परीक्षकाचीच घेतली. मास्तरांनी घोड्याच्या कानात एक आकडा कुजबुजायचा, फुंग्स्टनं दुसरा, आणि घोड्यानं बेरीज सांगायची. म्हणजे उत्तर घोड्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. झालं! कालपर्यंतचा पंडित एकदम ढ. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं की हान्स क्वचितच चुकायचा. माहीत नसलं की शंभरात दहा उत्तरंसुद्धा बरोबर येईनात. डोळ्यांना झापडं लावली, तरी तीच गत. मग तो वैतागून चावायचा. फुंग्स्टलाही त्याचा प्रसाद मिळाला.

भानगड अशी होती: प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकतो. घोडा सुरू. बरोबर आकडा आला की त्याचा ताण सुटतो, डोकं केसभर वर जातं. घोडा बंद. करणाऱ्याला पत्ताच नाही. फुंग्स्टला हे सगळं कळल्यावरही स्वतःचं डोकं आवरेना! पुढे प्रयोगशाळेत तो स्वतःच घोडा झाला. लोकांनी मनात आकडा धरायचा, यानं हातानं ठोके द्यायचे आणि त्यांच्या डोक्याकडे बघत थांबायचं. आकडे बरोबर आले.

मला यात नवल वाटलं नाही. एकोणतीसचा पाढा आम्ही मास्तरांच्या भुवयांवरच म्हटलेला आहे. आणि रोख मोजणारा कुठलाही माणूस सांगेल, दुसऱ्यानं गड्डी पुन्हा मोजायची असेल तर पहिल्यानं आकडा सांगू नये. ‘अठ्ठ्याण्णव आहेत, बघा जरा’ असं म्हटलं, की बघणाऱ्याच्याही अठ्ठ्याण्णवच भरतात. मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर कळू द्यायचं नाही, ही खबरदारी आज औषधांच्या चाचणीतही घेतात. गोळी खरी की खोटी हे रोग्यालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही.

१९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार. निम्म्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच. तरी ‘हुशार’ उंदीर सरस ठरले. आमच्याकडे नोकरांचे गोपनीय अहवाल याच पद्धतीनं लिहिले जात, पण त्याला प्रयोग म्हणत नसत.

जीव तुटतो तो मास्तरांसाठी. फुंग्स्टचं पुस्तक १९०७ साली आलं. शास्त्राला एक पद्धत मिळाली, फुंग्स्टला नाव मिळालं. मास्तरांना काय मिळालं? चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे निकाल असा की तुम्ही प्रामाणिक आहात, पण तुमचा विद्यार्थी नापास, आणि आजवर त्याचा पेपर तुम्हीच लिहीत होता. त्यांनी तो कधीच मानला नाही. १९०९मध्ये ते वारले.

घोडा गेला कार्ल क्राल नावाच्या एल्बरफेल्डच्या जवाहिऱ्याकडे. जवाहिऱ्यानं फुंग्स्टचं म्हणणं साफ धुडकावलं, आणखी घोडे घेतले, आणि त्यांना घनमुळं शिकवायला बसला.