गॅरंड रायफलीचा भरवसा : एका शस्त्राची दीर्घ परीक्षा

१/ चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर रणांगणावरील सैनिकाला दुसरी संधी मिळेलच असे नाही. जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने एम-१ गॅरंड ही अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली, तेव्हा तिच्या वेगाविषयी शंका नव्हती. शंका होती ती भरवशाविषयी.

२/ क्यूबेकमध्ये जन्मलेले जॉन गॅरंड हे स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रनिर्माणीतले अभियंते. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागे. गॅरंड रायफलीत स्फोटाच्या वायूचाच थोडा अंश हे काम करी. रिकामी पुंगळी बाहेर पडे आणि आठ काडतुसांच्या क्लिपमधील पुढचे काडतूस नळीत जाई.

३/ पहिला दोष याच वायूच्या मार्गात होता. नळीच्या तोंडावर बसवलेल्या टोपणात वायू अडवला जाई; तेथे काजळी साचे आणि ते टोपण ढिले होई. अखेर नळीलाच खालून छिद्र पाडून वायू घेण्याची रचना आली आणि १९४० पासून रायफली तशा तयार होऊ लागल्या.

४/ दुसरा दोष अधिक गूढ होता : क्लिपमधील सातवे काडतूस अडकू लागले. कारण रचनेत नव्हते, कारखान्यात होते. रायफलीच्या मुख्य सांगाड्यातील, क्लिपला आधार देणाऱ्या कडेचा भाग यंत्रकामात चुकून कापला जात होता. ती कड पूर्ववत होताच अडथळा दूर झाला.

५/ १९४० च्या अखेरीस मरीन दलाने घेतलेल्या चाचण्यांत चिखल आणि खाऱ्या पाण्यापुढे गॅरंड अडखळली. जुनी स्प्रिंगफील्ड सरस ठरली. ऑगस्ट १९४२ मध्ये मरीन सैनिक ग्वाडलकॅनाल बेटावर उतरले, तेही स्प्रिंगफील्ड घेऊनच. ऑक्टोबरमध्ये लष्कराची १६४ वी रेजिमेंट गॅरंडसह तेथे आली आणि मरीनांना या रायफलीचा मारा प्रत्यक्ष पाहता आला.

६/ मुसळधार पावसाने मात्र आणखी एक उणीव दाखवली. पातळ तेल धुऊन जाई आणि बोल्ट घट्ट बसे. उपाय साधाच निघाला : पाण्याने न निघणारे घट्ट ग्रीस. त्याची लहानशी डबी सैनिक रायफलीच्या दस्त्यातील पोकळीत ठेवू लागले.

७/ कोरियात अडचण नेमकी उलटी झाली. १९५० च्या कडाक्याच्या थंडीत वंगणच गोठू लागले, म्हणून सैनिकांनी शस्त्र जवळजवळ कोरडे ठेवले. एका हवामानात तारणारे वंगण दुसऱ्यात घातक ठरले.

८/ एकूण ५० लाखांहून अधिक गॅरंड रायफली तयार झाल्या. निवृत्तीनंतर त्यांपैकी अनेक नेमबाजीच्या अधिकृत कार्यक्रमातून अमेरिकी नागरिकांकडे गेल्या. या मालकांना युद्धाच्या खुणा नळीत सापडतात. ही नळी मागून साफ करता येत नाही. त्यामुळे पोलादी सळई तोंडाकडूनच घालावी लागे. घासून घासून नळीचे तोंडच झिजले. अतिदक्षतेनेही नेम बिघडला तो असा.

९/ काडतुसांचाही वाटा होता. युद्धकाळातील बहुतेक काडतुसांच्या टोपीतील क्षार ओलावा ओढून गंज धरवीत. आजची काही सावकाश जळणाऱ्या दारूची काडतुसे वायूच्या छिद्रापाशी जादा दाब निर्माण करतात. त्याने बोल्ट मागे नेणारा दांडा वाकू शकतो. म्हणून जाणकार मालक मूळ १५० ग्रेन गोळीच्या मापाचीच काडतुसे वापरतात, स्प्रिंग बदलतात आणि नळीची झीज मोजत राहतात.

१०/ गॅरंड यांनी आपले हक्क सरकारला दिले. रायफलींच्या विक्रीवर त्यांना मानधन मिळाले नाही. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या रायफलीची विश्वासार्हता १९३६ च्या आराखड्यात पूर्णत्वाने नव्हती. सैनिकांच्या तक्रारी, कारखान्यातील दुरुस्त्या आणि ग्रीसची ती डबी यांतून ती घडत गेली. आणि आजही, मालकाने देखभाल सोडली तर काही वर्षांतच ती ओसरते.