आठ सेकंदांत लपलेला बग

“माझ्याकडे तर नीट चालतंय!” तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी हे वाक्य ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. असंच उत्तर एकदा किती महागात पडलं, ते बघा.

२१ मार्च १९८६. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर शहरातलं कर्करोग केंद्र. थेरॅक-२५ हे तिथलं कॉम्प्युटरवर चालणारं किरणोपचाराचं यंत्र. ऑपरेटरने चुकून इलेक्ट्रॉनऐवजी एक्स-रे निवडला, लगेच कर्सर वर नेऊन चूक सुधारली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर उमटलं ‘मालफंक्शन ५४’. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या अंदाजे शंभरपट किरणं लागली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनियर आले. दिवसभर खटपट केली, पण ५४ काही येईना. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला दुसरा रुग्ण, तीच ऑपरेटर, तोच ५४. हे दोघंही रुग्ण पुढे दगावले.

आता केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्या ऑपरेटरलाच घेऊन बसले. आपण कोणत्या क्रमाने काय दाबलं, हे तिला आठवत होतं. दोघांनी तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि शेवटी ५४ हुकमी यायला लागला. गोम होती वेगात! यंत्रातले चुंबक सेट व्हायला सुमारे ८ सेकंद लागायचे. तेवढ्यात दुरुस्ती उरकली, तर ती प्रोग्रामच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला नाही. मग फिरती तबकडी इलेक्ट्रॉनच्या जागी, पण झोत एक्स-रेच्या ताकदीचा. सावकाश टाइप करणाऱ्याला हा बग दिसणारच नव्हता. रोजच्या सरावाने तिचा हात मात्र भरभर चालायचा.

आणखी एक. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता. पण तिथे सुरक्षेची वेगळी हार्डवेअर व्यवस्था होती, त्यामुळे फक्त फ्यूज उडायचा. थेरॅक-२५ मध्ये ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली.

‘कधीतरीच’ येणारा बग लहरी नसतो. त्याची अट आपल्याला सापडलेली नसते, इतकंच. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “अधूनमधून बिघडतं हो,” तर त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. रोज करता तसंच, तेवढ्याच वेगाने करून दाखवा, म्हणा.