सिंधुदुर्गच्या पायात शिसं किती?

पेटची तयारी करणारी एक ज्युनियर परवा अभ्यासिकेत भेटली. आमची अभ्यासिका नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून दोन मिनिटांवर. ती वैतागून म्हणाली, "ताई, प्रपोजल लिहा म्हणतात, पण रिसर्च क्वेश्चन मिळतो कुठे?" मी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेलवर विचारलाय. माझा एक प्रश्न मला मालवणच्या समुद्रात, तोंडात स्नॉर्केलची नळी धरून पालथी तरंगत असताना मिळाला. म्हणजे अर्धा तिथे मिळाला. उरलेला अर्धा पुण्यात, आणि त्यात एक घोळही झाला. तोही सांगते.

आधी एक खुलासा. या लेखात गाइड दोन आहेत. एक मालवणचे, जे कयाकमधून पुढे जात होते. दुसऱ्या माझ्या पीएचडीच्या, ज्या लाल पेन घेऊन मागून येतात. गोंधळ नको म्हणून पहिल्यांना दादा म्हणते, दुसऱ्यांना मॅडम.

ट्रिप डिसेंबरमधली होती. पावसाळ्यात हा समुद्र बंदच असतो, आणि पावसाचा गाळ बसून पाणी निवळायला दिवाळी उलटावी लागते. सकाळी वारा पडलेला असताना चिवल्याच्या किनाऱ्यावरून सहा कयाक निघाल्या. डावीकडे मालवण, समोर पाण्यात सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला, एवढं शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. दादांनी वल्हं आडवं धरून सगळ्यांना थांबवलं आणि किल्ल्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या किल्ल्याचो पायो शिशात ओतलेलो आसा. म्हणान साडेतीनशे वर्सां लाटा खावन उभो आसा."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मराठी पुस्तकांत पायासाठी 'पाच खंडी शिसं' असं येतं, इंग्रजी मजकुरात 'चार हजार पौंडांहून अधिक' असं येतं. माझी पीएचडी जुन्या बांधकामांतल्या धातूंवर आहे, त्यामुळे मी हे वाक्य परतल्यावर थेट प्रपोजलच्या पहिल्या पानावर टाकलं. मॅडमनी त्याखाली लाल पेनाने एवढंच लिहिलं: "म्हणजे किती?"

मला वाटलं, आकडा तर दिलाय. मग लक्षात आलं की आकडा देणं आणि किती ते कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आता हा हिशोब माझ्याबरोबर करा, दहावीचं गणित पुरतं.

चार हजार पौंड म्हणजे सुमारे १,८१४ किलो. ऐकायला प्रचंड वाटतं. पण शिसं जड असतं. त्याची घनता पाण्याच्या ११.३४ पट. भागाकार केला की आकारमान येतं १६० लिटर. इमारतीच्या गच्चीवर पाणी साठवायला जो दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवतात, तो एकसुद्धा भरत नाही.

आता किल्ला बघा. तटबंदीची लांबी साधारण तीन किलोमीटर, जाडी बारा फूट, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडी वर. पायाचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं. त्यावर १६० लिटर शिसं सारखं पसरलं तर थराची जाडी येते ०.०१५ मिलिमीटर. डब्यात पोळ्या गुंडाळायची जी अॅल्युमिनियम फॉइल असते, साधारण तेवढी.

मी हे तीनदा मोजलं. शून्य कुठे चुकलं असेल असंच वाटत होतं.

तुमच्यातला कोणी लगेच म्हणेल, पण खंडी म्हणजे नक्की किती पौंड? बरोबर, हा आक्षेप घ्यायलाच हवा. खंडी वीस मणांची, पण मण जागोजागी वेगळा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर इंग्रजांनी पुढे ठरवलेला प्रमाण मण ८२ पौंडांच्या किंचित वर. म्हणजे पाच खंडी हे २,८०० पौंडही असू शकतात आणि ८,२०० पौंडही. जवळजवळ तिप्पट फरक! इतिहासाचा माणूस इथे डोकं धरेल. पण दोन्ही टोकांचं आकारमान काढा: ११२ लिटर आणि ३२९ लिटर. अर्ध्या ड्रमच्या जरा वर किंवा जेमतेम पावणेदोन ड्रम. फॉइल एक पदरी झाली काय किंवा दुपदरी, 'ओतलेला पाया' त्यातून होत नाही. अनिश्चितता एवढी मोठी असूनही निष्कर्ष हलत नाही, हे दिसलं त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण रिसर्च करतोय असं वाटलं.

मग दादा खोटं बोलले का? इथे घाई करू नका. 'मिथक उद्ध्वस्त' छापाचे व्हिडिओ असाच अर्धा हिशोब करून निघतात, आणि मला त्यांचा भाबड्या कथांपेक्षा जास्त राग येतो. प्रश्न उलटा करून बघा: १६० लिटर शिसं कशाला पुरेल?

जुने गवंडी दगडाला दगड जोडताना दोन्हींत खाच पाडून त्यात लोखंडी पट्टी बसवत आणि वरून वितळलेलं शिसं ओतत. प्राचीन ग्रीक बांधकामांतही ही पद्धत आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे त्याला लोखंडासारखी भट्टी लागत नाही. बांधकामाच्या जागी लाकडाच्या जाळावर काम होतं. ते खाचेत घट्ट बसतं, लोखंडाला खाऱ्या पाण्यापासून आणि गंजापासून वाचवतं, आणि मऊ असल्यामुळे लाटेच्या धक्क्याने तडकत नाही. एका सांध्याला पाव लिटर शिसं धरलं (हा माझा अंदाज, कमीजास्त करून बघा) तर १६० लिटरांत सहाशे चाळीस सांधे होतात. तीन किलोमीटर तटाला हे फार थोडे. पण जिथे लाट सर्वांत जोरात आदळते तिथल्या पायाच्या मोजक्या दगडांना पुरेसे आहेत. म्हणजे शिसं वापरलं असेल तर बेतून, कुठे लागेल ते ठरवून वापरलं असेल. हिरोजी इंदुलकरांसारख्या बांधणाऱ्याबद्दल हे मला 'पाया ओतला'पेक्षा मोठं वाटतं.

मॅडमनी हे पान वाचलं आणि खाली पुन्हा लाल पेन: "मग बाकीचा किल्ला कशावर उभा आहे?"

याचं उत्तर मी पाहून आले होते, फक्त उत्तर म्हणून पाहिलं नव्हतं. पुन्हा मालवणला चला.

किल्ल्याच्या जवळ आल्यावर मी सरळ तटाच्या दिशेने वल्हवायला लागले. दादा ओरडले, "हयसून नको, खडप आसा! तयसून येवा!" मला पाण्यात काहीच दिसत नव्हतं. कयाक जेमतेम वीतभर बुडते, तरी दादा तिला त्या वाटेने जाऊ देईनात. नंतर नेमक्या त्याच खडपांपाशी त्यांनी आम्हाला मास्क लावून पाण्यात उतरवलं. खाली खडकांवर प्रवाळ होतं, बहुतेक ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी, मळकट पिवळं नि तपकिरी. लक्षद्वीपच्या फोटोंसारखं काही नाही, अपेक्षा ठेवून जाऊ नका. (आणि माशांना पाव टाकणाऱ्या, प्रवाळावर पाय देऊन फोटो काढणाऱ्या मंडळींबद्दल मी इथे लिहीत नाही, लेख भरकटेल.) गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासीम आणि वाफर यांनी १९७९ मध्ये या किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं.

प्रवाळाची अळी वाळूत रुजत नाही, तिला बसायला कठीण पृष्ठभाग लागतो. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक विखुरलेले आहेत, म्हणून तिथे प्रवाळ आहे, म्हणून तिथे स्नॉर्केलिंग आहे. आणि तेच खडक जहाजाला नको असतात. किनाऱ्याकडे येणारी लाट आधी त्यांच्यावर फुटते, तटापर्यंत पोचेस्तोवर तिचा जोर कमी झालेला असतो. ज्याला वाट माहीत नाही असं खोल बुडणारं जहाज तिथे येऊच धजत नाही. उलट मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतं पाण्यात फारशी बुडत नसत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबांचं हे वैशिष्ट्य मुद्दाम नोंदवलंय. पर्यटक ज्या खडपांवर मासे बघायला पैसे मोजतो, त्याच खडपांमुळे कुरट्याची निवड झाली असणार.

याच चाळणीतून विजयदुर्गची पाण्याखालची भिंत घालून बघा. तीही गाइडांची आवडती गोष्ट: महाराजांनी समुद्रात भिंत बांधली आणि शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून बुडाली. पाण्याखाली बांधकाम आहे हे याच गोव्याच्या संस्थेच्या पाहणीत आढळलं. नेहमी दिले जाणारे आकडे असे: लांबी १२२ मीटर, रुंदी ७, उंची ३, खोली ८ ते १० मीटर. आता विचारा, खोली कुठपर्यंतची? पायथ्यापर्यंतची असेल तर भिंतीच्या माथ्यावर ५ ते ७ मीटर पाणी उरतं. १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन विजयदुर्गवर चालून आला तेव्हा त्याचं मुख्य जहाज केंट हे सत्तर तोफांचं होतं; त्या वर्गाची जहाजं साडेपाच-सहा मीटर बुडत. म्हणजे ओहोटीला कदाचित घासेल, भरतीला सुखरूप जाईल. लहान जहाजाला तर भिंत जाणवणारही नाही. आणि खोली माथ्यापर्यंतची असेल, तर त्या काळातलं कोणतंही जहाज वरून निवांत जाईल. शिवाय या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं, तेव्हा ही खोली भरतीची की ओहोटीची हेही सांगावं लागतं. लोकप्रिय लेखांत यातलं काहीच दिलेलं नसतं. प्रपोजलमध्ये कुठलंही माप लिहाल तेव्हा ते कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या वेळी घेतलं हे लिहा. मुलाखतीत पहिला बाण तिथेच येतो.

तर माझा प्रश्न शिशावरून सरकत खडपांवर आला आणि खडपांवरून माणसांवर. खडप ओळखणारा माणूस नसेल तर खडपांचा उपयोग काय? ते शत्रूइतकंच आपलंही जहाज फोडतात. बेटाची जागा दाखवणाऱ्या कोळ्यांना महाराजांनी गावं इनाम दिली, असं परंपरेने सांगितलं जातं. किल्ल्याच्या गोष्टीत हे एका ओळीत संपतं, आणि पुढची दहा पानं तट, बुरूज आणि शिसं. पण संशोधनाच्या दृष्टीने बघा: शिशाची पावती साडेतीनशे वर्षं कोण जपणार? इनाम मात्र कागद सोडून जातं. सनद होते, वारस ती जपतात, भाऊबंद भांडतात, नवं सरकार आलं की चौकशी होते. इंग्रजांनी तर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवून मुंबई इलाख्यातल्या इनामदारांकडे कागद मागितले.

इथे माझा घोळ. मी नारायण पेठेत राहते, पेशवे दफ्तर पुण्यातच, कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात. स्कूटरने वीस मिनिटं. त्यामुळे कागद तिथेच असतील असं गृहीत धरून मी मोडीचा क्लास लावला, परवानगी काढली आणि दीड महिना याद्या चाळल्या. हाती काही लागेना. शेवटी मॅडमनी विचारलं, "अठराव्या शतकात मालवण कोणाकडे होतं?"

करवीरकरांकडे! विजयदुर्ग १७५६ नंतर पेशव्यांकडे आला, पण मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते आणि १८१२ च्या तहाने ते थेट इंग्रजांकडे गेले. दोन्ही किल्ले एकाच किनाऱ्यावर, आज एकाच जिल्ह्यात, म्हणून मी त्यांचं दफ्तरही एक धरलं. आजच्या जिल्ह्याचा नकाशा मी सतराव्या-अठराव्या शतकावर ठेवला होता. तुम्ही प्रादेशिक विषय घेणार असाल तर कागद शोधण्याआधी एक तक्ता करा: तुमचं गाव कोणत्या वर्षी कोणाच्या अमलात होतं. एका दुपारचं काम आहे. माझे त्यात सहा आठवडे गेले.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जातेय. मोडी अजून अडखळत वाचते, पण 'खंडी' आणि 'इनाम' हे दोन शब्द आता पान उलटताना आपोआप डोळ्यांना दिसतात. दादांना फोन करून शिशाचा हिशोबही सांगितला. ते हसले, म्हणाले, एका ड्रमाची गोष्ट पर्यटकांना सांगितली तर बोटीत कोण बसेल? मग जरा थांबून म्हणाले, खडपांची नावं त्यांच्या आजोबांना सगळी तोंडपाठ होती, लिहून घ्यायची असतील तर ये. सध्या त्यांना त्यांतली निम्मीच आठवतात. त्यामुळे कोल्हापूरहून तशीच मालवणला जाणार आहे, पावसाच्या आधी.