कर्नल हेडर व ग्लिबसीचे कंपायलेशन

लिनक्सची प्रमुख सी लायब्ररी 'ग्लिबसी' कंपाइल करताना कर्नलच्या हेडर फाइली लागतात; सिस्टम कॉलचे क्रमांक त्यांत असतात. हेडर जुने असले तर 'कॉन्फिगर' स्क्रिप्टच अडते. दोन आवृत्त्यांची सरमिसळ असली तर कंपायलर अर्ध्या वाटेत 'अनडिक्लेअर्ड' म्हणून थांबतो, आणि त्याचे कारण शोधणे जास्त जिकिरीचे. २०१६ मधील ग्लिबसी २.२४ पासून किमान कर्नल ३.२ चे हेडर लागतात. हेडरची आवृत्ती 'लिनक्स/व्हर्जन.एच' या फाइलीत एकाच आकड्यात असते : ३.२ म्हणजे १९७१२०. सरमिसळ टाळण्यासाठी कर्नलच्या सोर्समधून 'मेक हेडर्स_इन्स्टॉल'ने हेडर वेगळ्या डिरेक्टरीत काढावेत, 'विथ-हेडर्स' पर्यायाने तिचा पत्ता द्यावा आणि बिल्ड कोऱ्या डिरेक्टरीत करावे. सोर्समधले हेडर थेट जोडणे हा आडमार्गच. हेडर चालू कर्नलपेक्षा नवे असले तरी सहसा बिघडत नाही.