'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल' : नाव एक, यंत्रे दोन

पावसाळ्यात घाटातील चढाच्या वळणावर एखाद्या ताकदवान मोटारीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की आतल्या बाजूचे पुढचे चाक जागच्या जागी फिरू लागते. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेण्याऐवजी वळणाच्या बाहेर सरकू लागते. यात चालकाची चूक असतेच; मात्र काही वाटा डिफरन्शियल या यंत्राच्या स्वभावाचाही असतो. यावरील उपाय म्हणून अनेक मोटारींच्या माहितीपत्रकांत 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल'चा गौरवाने उल्लेख आढळतो. या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न यंत्रणा विकल्या जातात, याची कल्पना ग्राहकाला सहसा नसते.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांत दीड मीटर अंतर असलेल्या मोटारीने एक पूर्ण वर्तुळ घेतले, तर हा फरक सुमारे साडेनऊ मीटरचा होतो. दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतील तर टायर फरफटतील. त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते.

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देते, आणि त्याची मर्यादा कमी पकड असलेले चाक ठरवते. वळणावर गाडीचा भार बाहेर झुकतो व आतले चाक हलके होते. समजा, हे चाक घसरण्यापूर्वी ४०० न्यूटन मीटर टॉर्क पेलू शकते. मग बाहेरच्या चाकाची पकड कितीही असली तरी त्यालाही ४००च मिळतात. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत याची झळ अधिक बसते, कारण ओढण्याचे आणि वळवण्याचे काम त्याच दोन चाकांना करावे लागते.

चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक दाबला की दोन्ही चाके एकत्र जखडली जातात. पण तसे करून डांबरी रस्त्यावर वळता येत नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, हा यातील मधला मार्ग. त्याच्या एका प्रकारात क्लचसारख्या चकत्या असतात. त्या झिजतात व त्यांना विशिष्ट तेल लागते. दुसऱ्या प्रकारात तिरप्या दातांचे गिअर असतात. टॉर्क वाढला की ते आवरणावर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळे पकड असलेल्या चाकाला जादा वाटा मिळतो. हे प्रमाण अडीच पट असेल, तर वरील उदाहरणात बाहेरच्या चाकाला ४०० ऐवजी १००० न्यूटन मीटर मिळू शकतात. बाहेरचे चाक अधिक जोराने ओढू लागले, की गाडीचे नाक वळणाच्या आत येते. मात्र आतले चाक पूर्ण अधांतरी झाले तर शून्याची अडीच पट शून्यच.

होंडाने १९९५च्या इंटेग्रा टाइप आरमध्ये हा गिअरचा प्रकार वापरला आणि ती मोटार वळणावरील चपळाईसाठी नावाजली गेली. पण त्याला दुसरी बाजूही आहे. २००२च्या २१५ अश्वशक्तीच्या फोर्ड फोकस आरएसमध्ये ब्रिटनच्या क्वेफ कंपनीचे डिफरन्शियल होते. खडबडीत रस्त्यावर तिचे स्टिअरिंग हातातून ओढले जाते, अशी तिची ख्याती झाली. २००९च्या फोकस आरएसची ताकद ३०५ अश्वशक्तीवर गेली, तेव्हा फोर्डने पुढच्या सस्पेन्शनची रचनाच बदलून हे ओढणे आटोक्यात आणले.

आता इलेक्ट्रॉनिक प्रकारांकडे वळू. फोक्सवॅगनने २००९च्या गोल्फ जीटीआयमध्ये 'एक्सडीएस' आणले. यात डिफरन्शियल साधेच असते. संगणक हलक्या झालेल्या आतल्या चाकाला किंचित ब्रेक लावतो. त्या ब्रेकविरुद्ध जेवढा टॉर्क खर्च होतो, तेवढाच बाहेरच्या चाकाकडे जातो. ही युक्ती स्वस्त आहे आणि शहरात पुरेशीही आहे. परंतु इंजिनाची काही ताकद उष्णतेत वाया जाते आणि सलग वळणांच्या रस्त्यावर ब्रेक तापतात.

याच कंपनीने २०१३च्या गोल्फ जीटीआयच्या २३० अश्वशक्तीच्या 'परफॉर्मन्स' आवृत्तीत खरे यांत्रिक कुलूप दिले. डिफरन्शियलच्या एका बाजूला बसवलेला अनेक चकत्यांचा क्लच संगणकाच्या आज्ञेनुसार आवळला जातो आणि १६०० न्यूटन मीटरपर्यंत बळ रोखू शकतो. आतल्या चाकाचा टॉर्क ब्रेकमध्ये न जळता बाहेरच्या चाकाकडे वळतो. सरळ रस्त्यावर क्लच मोकळा ठेवता येत असल्याने स्टिअरिंगची ओढाताणही कमी होते. ह्युंदाईने २०१७च्या आय३० एनच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत असाच मार्ग पत्करला.

भारतीय ग्राहकाने नावाला भुलू नये, याचे उत्तम उदाहरण ह्युंदाईचेच आहे. युरोपसाठी २०२० मध्ये सादर झालेल्या आय२० एनमध्ये २०४ अश्वशक्ती आणि यांत्रिक एलएसडी होते. २०२१ मध्ये भारतात आलेली 'एन लाइन' १२० अश्वशक्तीची असून तिच्यात ते नाही. एवढ्या ताकदीला त्याची निकडही नाही, हा भाग वेगळा. याउलट २०२० मध्ये येथे मर्यादित संख्येत आलेल्या २४५ अश्वशक्तीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये क्लचचे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल होते.

तेव्हा शोरूममध्ये 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे का' एवढेच विचारणे पुरेसे नाही. ते ब्रेकवर चालते की क्लचवर, हा खरा प्रश्न. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर तो आवर्जून विचारावा: पहिल्या प्रकारात पुढचे ब्रेक पॅड किती झिजले आहेत ते पाहावे लागते, तर दुसऱ्या प्रकारात क्लचचे स्वतंत्र तेल मुदतीत बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात शोधावी लागते.