माळवी बोली आणि मुक्त ध्वनिक्षेपण

धार आणि देवास या पवारांच्या गाद्या. देवासास तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. राजघराण्यांची भाषा मराठी, रयतेची माळवी, डोंगरातील वस्त्यांची भिली. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासास आले. गाणे बंद असता त्यांनी आसपासची लोकगीते कान देऊन ऐकली व त्यांतून नवे राग उभे केले. पंडितांना माळवीचे मोल कळले ते असे.

रयतेला आपली बोली दूरवर ऐकू आली ती मात्र आकाशवाणीवरून. इंदूरचे केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्याच्या ग्रामीण कार्यक्रमात नंदाजी व भेराजी माळवीत गप्पा मारीत. या जोडीची लोकप्रियता बी-बियाण्यांच्या माहितीत नव्हती, गप्पांच्या ऐसपैस चालीत होती, असे आमचे मत आहे. ओट्यावरचे बोलणे कार्यक्रमपत्रिका पाहून चालत नाही.

तथापि ध्वनिक्षेपक सरकारचाच होता. तिकडे अमेरिकेत बर्कली येथे लुईस हिल यांनी १९४९ मध्येच श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे केपीएफए केंद्र काढले होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेथील काही केंद्रांनी काय वाजवावे नि काय बोलावे हे सर्वस्वी निवेदकावर सोपविले. हेच मुक्त ध्वनिक्षेपण. आपल्याकडे ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला; सामुदायिक केंद्रांची वाट २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुली झाली. २०१० नंतरच्या दशकात धारहून मांडूस जाणाऱ्या वाटेवरील नालछा येथे राज्याच्या आदिवासी विभागाच्या ‘वन्या’ने भिली बोलीचे केंद्र उभारले.

बोलीला ध्वनिक्षेपक मिळाला. मोकळीक कितपत मिळाली? २००६ च्या धोरणाने प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत ठेवली आणि निम्मा कार्यक्रम स्थानिक सहभागाचा असावा असे सांगितले, हे योग्यच. परंतु बातम्यांना त्याने मज्जाव केला. लग्नातली गाणी हवी तितकी गावीत. गावचा रस्ता का रखडला, हा प्रश्न मात्र गप्पांत मोडतो की बातमीत, याचा विचार निवेदकाने बोलण्यापूर्वी करावयाचा. नंदाजी-भेराजींच्या ओट्यावर असा विचार कोणी केला नसता.